सही करायच्या आधी ते पायपुसणं उचलून बघ

पत्र: "ताई, चार महिने पायपीट केल्यावर शहरात एक भाड्याचा फ्लॅट मिळालाय, तिसरा मजला, हॉल आणि दोन्ही बेडरूमला हार्डवुड फ्लोअर. सकाळचं ऊन त्या लाकडावर पडलेलं बघितलं आणि माझा जीवच जडला. पण अ‍ॅग्रीमेंटच्या ड्राफ्टमध्ये एक अट आहे की फ्लोअरवर कुठलाही स्क्रॅच किंवा डाग आढळला तर सगळ्या फ्लोअरच्या पॉलिशचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाईल. आमचा मुलगा पाच वर्षांचा, एक म्हातारा कुत्रा आहे, आणि मी घरूनच काम करते म्हणजे चाकाची खुर्ची दिवसभर. खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, आधीच्या भाडेकरूंच्या पावलांच्या आवाजाचा त्यांना फार त्रास झाला असं मालकच म्हणाले. मिस्टर म्हणतात कशाला डोक्याला ताप, साध्या फरशीचं घर बघू. मालक चांगले वाटले, घर स्वच्छ होतं, बाल्कनीच्या दाराशी नवंकोरं मोठं पायपुसणंसुद्धा टाकून ठेवलं होतं. सही पुढच्या आठवड्यात आहे. घेऊ का नको?" – जमिनीवर जीव जडलेली

अगं, घे. मनापासून सांगते, घे. लाकडाच्या जमिनीवर अनवाणी चालायचं सुख ज्याने अनुभवलंय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल, थंडीत पायाला चटका बसत नाही, पोरगं तासन्‌तास खाली बसून खेळलं तरी काळजी वाटत नाही. पण ती अट आहे तशी ठेवून घेऊ नकोस, आणि ते पायपुसणं उचलून बघितल्याशिवाय तर अजिबातच सही करू नकोस. पत्रातलं सगळं मी एकदा वाचलं पण ते बाल्कनीच्या दाराचं वाक्य तीनदा वाचलं. मालकांवर मी संशय घेत नाहीये, कदाचित खरंच तुम्ही बघायला येणार म्हणून कौतुकाने टाकलं असेल. पण लाकडी जमिनीला सगळ्यात जास्त मार कुठे बसतो तर बाल्कनीच्या दाराशी, बाथरूमच्या उंबरठ्याशी, सिंकच्या पुढ्यात आणि खिडकीखाली, कारण तिथे पाणी येतं. आणि तू जे वाचून घाबरलीयेस, स्क्रॅच, ते या सगळ्यात दुय्यम आहे गं. ओरखडा बहुतेक वेळा वरच्या पॉलिशमध्येच राहतो, पाणी मात्र आत शिरतं, फळी फुगवतं, काळी करतं आणि ते पुसून जात नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही असंच एका लाकडी जमिनीच्या घरात भाड्याने राहायचो, खिडकीशी मी एक मोठी मातीची कुंडी ठेवली होती, खाली मातीचीच बशी, आणि मला वाटायचं की बशी आहे म्हणजे झालं. तीन वर्षं ती कुंडी मी हलवली नाही. घर सोडायच्या दिवशी उचलली तर खाली काजळाने काढल्यासारखं काळंभोर गोल वर्तुळ, बोट फिरवलं तर फळ्यांच्या कडा वर आलेल्या लागत होत्या. भाजलेल्या मातीची बशी पाणी झिरपू देते हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, वरून बशी कोरडी दिसायची आणि खाली लाकूड रोज थोडंथोडं ओल पीत होतं. ते वर्तुळ माझं होतं, मी मान्य केलं, पैसे दिले. पण मालकांनी त्याच्या जोडीला दाराजवळचे दोन लांबलचक ओरखडेपण माझ्या नावावर टाकले, ते आम्ही राहायला आलो तेव्हापासून होते, माझ्या डोळ्यापुढे आजही आहेत, पण माझ्याकडे एक फोटो नव्हता. पूर्ण खोलीचं पॉलिश माझ्या डिपॉझिटमधून गेलं आणि मला तोंड उघडता आलं नाही. म्हणून तुला जीव तोडून सांगतेय, या जमिनीवर राहायचं तर दोन गोष्टी सांभाळायच्या, पाणी आणि कागद. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता आधी हे बघ की ही जमीन आहे तरी कसली. "हार्डवुड" हा शब्द जाहिरातीत फार सैल वापरतात. एक म्हणजे सॉलिड, अख्ख्या लाकडाची फळी, जाडी बहुतेक वेळा १९ मिलीमीटरच्या आसपास. दुसरी इंजिनिअर्ड, म्हणजे खाली प्लायवूडसारखे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, तो एक मिलीमीटरपेक्षा कमीपासून सहा मिलीमीटरपर्यंत कितीही असू शकतो. आणि तिसरी लॅमिनेट, त्यात वर लाकूड नसतंच, लाकडाचा छापलेला फोटो असतो आणि त्यावर पारदर्शक कडक थर. दिसायला तिन्ही लांबून सारख्याच. पण घासून नवीन पॉलिश करायचं म्हटलं तर एका वेळेला साधारण मिलीमीटरभर लाकूड जातं, म्हणजे सॉलिड फळी आयुष्यात कितीतरी वेळा नवी होऊ शकते, पातळ थराची इंजिनिअर्ड एखाद्याच वेळी किंवा तेवढंही नाही, आणि लॅमिनेटला घासणं म्हणजे फोटोच खरवडून काढणं. मग लॅमिनेट असताना अ‍ॅग्रीमेंटमध्ये "पॉलिशचा खर्च" लिहिलं असेल तर त्याला अर्थच नाही ना, तिथे फार तर खराब झालेली फळी बदलायची असते. ओळखायचं कसं, तर जिथे जमीन संपते तिथे वाकून बघ, दाराच्या पट्टीशी किंवा पाइप वर येतो त्या भोकापाशी फळीची कड दिसते, थर दिसले तर इंजिनिअर्ड. आणि लॅमिनेटमध्ये तीच गाठ, तीच रेष चार-पाच फळ्या सोडून हुबेहूब परत दिसते, खऱ्या लाकडात असं होत नाही. शिवाय सरळ विचार मालकांना, पॉलिश शेवटचं कधी केलं आणि कसलं केलं, लाज कसली त्यात.

आणि हार्डवुड म्हणजे टणक, असंपण नसतं बरं का. रुंद पानांच्या झाडांचं ते हार्डवुड आणि पाइनसारख्या सुईच्या पानांच्या झाडांचं ते सॉफ्टवुड, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. मॉडेलची विमानं करतात तो बाल्सा, नखाने दाबला तरी दबतो, तोपण हार्डवुडच. टणकपणा मोजायची वेगळी परीक्षा आहे, जांका टेस्ट, १९०६ सालापासूनची, त्यात ११.२८ मिलीमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात. रेड ओकला १२९० पाउंड, हार्ड मेपलला १४५०, आणि व्हाइट पाइनला जेमतेम ३८०. म्हणजे मालक म्हणाले ओक आहे तर तुझ्या मुलाच्या हातून खेळणं पडलं तर बहुधा काही होणार नाही, आणि पाइन निघालं तर खळगा पडणारच, कितीही जपलंस तरी. अशा जमिनीवर "कुठलाही स्क्रॅच" ही अट पाळणं माणसाच्या हातातलं नाही, हे तुला बोलताना मांडता आलं पाहिजे.

मग वरचं पॉलिश. बहुतेक ठिकाणी पॉलियुरेथेन असतं, ते लाकडावर काचेसारखा थर करून बसतं, आणि काही ठिकाणी तेल किंवा मेण, जे लाकडात मुरतं. मालकांना विचारून एखाद्या कोपऱ्यात पाण्याचे दोन थेंब टाक आणि चार-पाच मिनिटं थांब. थेंब तसेच टपोरे उभे राहिले तर थर शाबूत आहे, आणि खाली लाकूड गडद व्हायला लागलं तर तिथलं पॉलिश उडालेलं आहे, म्हणजे तू राहायला आल्यावर पहिल्याच सांडलेल्या ग्लासाला डाग पडणार आणि तो तुझ्या नावावर जाणार. हीच परीक्षा दारापाशी आणि हॉलच्या मधोमध, जिथे सगळ्यात जास्त वर्दळ असते, तिथेही कर, लगेच पुसून घे. उडालेलं निघालं तर आम्ही राहायला यायच्या आधी तेवढा भाग घासून नवीन पॉलिश करून द्या अशी मागणी कर, आणि पॉलिश नुसतं घासटलेलं असेल, लाकूड उघडं पडलेलं नसेल, तर हलकं बफिंग, म्हणजे वरचा थर मशीनने किंचित खरखरीत करून, वर एक नवीन कोट मारला तरी पुरतं, त्याला अख्खी जमीन घासावी लागत नाही आणि यात मालकांचाही फायदाच आहे. फक्त घाई करू नकोस, नवीन कोटवर दिवसाभरात पायाने चालता येतं खरं, पण गालिचा टाकायला पाण्याच्या बेसच्या पॉलियुरेथेनवर एक-दोन आठवडे आणि तेलाच्या बेसच्या पॉलियुरेथेनवर महिनाभर थांबावं लागतं, नाहीतर गालिच्याची छाप कायमची उमटते.

आता ते पायपुसणं. उचल. खाली काही नसेल तर उत्तम. पण ओकच्या फळीवर काळा डाग असेल तर तो वरवरचा नसतो, ओकमध्ये टॅनिन असतं, त्याला पाणी आणि खिळ्यांचं लोखंड मिळालं की काळं होतं, शतकानुशतकं लोक लिहायची शाई याच टॅनिन आणि लोखंडापासून बनवत आले, तेव्हा तो डाग किती पक्का ते समज. त्याला पुसून काढायचं नाही, फोटो काढायचा. मग खाली बसून फळ्यांवरून तळहात फिरव. कडा वर आणि मध्य खोलगट लागला तर खालून ओल येतेय, ते तर घर घ्यायच्या आधीच विचारायचं की कुठून येतेय आणि थांबली का. फळ्यांमधल्या बारीक फटींनी मात्र घाबरू नकोस, लाकूड कोरड्या हवेत आक्रसतं आणि दमट हवेत फुगतं, तेही लांबीत नाही तर रुंदीत, म्हणून कोरड्या दिवसांत फटी दिसतात आणि नंतर आपोआप मिटतात. त्या भरायच्या भानगडीत पडू नकोस, भरल्यास की दमट हवेत फळ्यांना फुगायला जागाच राहत नाही. घरातली हवा साधारण ३० ते ५० टक्के आर्द्रतेत राहिली तर लाकूड खूश असतं, छोटंसं आर्द्रता मोजायचं यंत्र मिळतं, एक घेऊन ठेव. चालताना करकरणारी फळीपण नोंदवून ठेव, फळी खिळ्यावर किंवा शेजारच्या फळीवर घासते म्हणून वाजते, यात भाडेकरूचा काही दोष नाही पण निघताना तोंडी वाद नको.

फोटोंबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथेच सगळे चुकतात. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत ओरखडे दिसतच नाहीत, जमीन नुसती चकचकीत दिसते. खोलीत अंधार कर, टॉर्च जमिनीवर आडवा ठेव म्हणजे उजेड जमिनीला घासून जाईल, आणि मग बघ, प्रत्येक रेष, प्रत्येक खळगा सावली टाकून उभा राहतो. त्या उजेडात फोटो काढ, शेजारी मोजपट्टी ठेव म्हणजे लांबी कळेल, एक फोटो जवळून आणि एक लांबून ज्यात दार किंवा खिडकी दिसेल, नाहीतर वर्षाने तुलाच कळणार नाही की हा ओरखडा कुठल्या खोलीतला. सामान यायच्या आधी, रिकाम्या घरात. मग सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ, आणि त्याच दिवशी हे सगळं मालकांना ईमेल कर, गोड भाषेत, "आज घराचा ताबा घेतला, जमिनीची आत्ताची स्थिती आपल्या दोघांच्या नोंदीसाठी पाठवतेय" एवढंच. फोनमध्ये पडून राहिलेल्या फोटोपेक्षा पाठवलेल्या ईमेलला कितीतरी जास्त वजन असतं. जमलं तर एका कागदावर खोलीवार नोंद करून दोघांच्या सह्या घ्या.

आणि अट. बहुतेक ठिकाणी कायदासुद्धा नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या धरतो, तुमच्याकडे नेमकं काय आहे ते अ‍ॅग्रीमेंट करणाऱ्याला विचारून घे. पण कायद्यापर्यंत जायची वेळच येऊ नये म्हणून वाक्यच बदलून घे. मी तुझ्या जागी असते तर असं लिहून मागितलं असतं: "नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून, भाडेकरूमुळे लाकडापर्यंत पोचलेलं नुकसान झाल्यास, फक्त त्या भागाच्या दुरुस्तीचा खर्च, पॉलिश किती जुनं आहे ते लक्षात घेऊन, बिल दाखवून वजा केला जाईल." यातला एकेक शब्द कामाचा आहे. "लाकडापर्यंत पोचलेलं" म्हणजे वरच्या पॉलिशवरचे केसासारखे ओरखडे गेले, नख फिरवल्यावर नख अडकलं तर तो खोल, नाही अडकलं तर वरवरचा, इतकं सोपं आहे ते ठरवणं. "त्या भागाच्या" म्हणजे बेडरूममधल्या एका डागासाठी हॉलचं पॉलिश तुझ्या माथी नको. आणि "किती जुनं" यासाठी की दहा वर्षांपूर्वीचं पॉलिश आधीच आयुष्य संपवून बसलेलं असेल तर त्याचे नव्याचे पैसे तू का द्यायचे. मालक चांगले आहेत म्हणतेस, मग ते ऐकतील गं, बऱ्याचदा ती अट कुठल्यातरी जुन्या अ‍ॅग्रीमेंटमधून तशीच उतरलेली असते आणि कोणी नीट वाचलेलीच नसते. तू शांतपणे, फोटो आणि पर्यायी वाक्य हातात घेऊन बोललीस तर त्यांनाही वाटेल की ही बाई घर सांभाळणारी आहे. आणि एक शब्दही बदलणार नाही म्हणाले, तर मात्र मिस्टरांचं ऐक आणि फरशीचं घर बघ, कारण त्या अटीखाली तू घरात नाही राहणार, जमिनीची राखण करत बसशील, पोरावर ओरडत बसशील.

राहायला गेल्यावरचं सांगते, ते तसं सोपं आहे. लाकडाचा रोजचा शत्रू म्हणजे चपलेबरोबर आलेली वाळू. वाळूतला क्वार्ट्झ मोहस स्केलवर, म्हणजे खनिजांचा कठीणपणा मोजायच्या १ ते १० च्या मापावर, ७, काच साडेपाचच्या आसपास, म्हणजे जी वाळू काचेवर चरा पाडते ती पॉलिशला काय सोडणार, आणि त्यावरून आपण चालतो म्हणजे पायाने सॅंडपेपरच फिरवतो. म्हणून दाराबाहेर एक पायपुसणं, आत एक, चपला-बूट दाराशीच. उंच टाचेची चप्पल तर आत नकोच, साठ किलोचा माणूस आणि टाच एक चौरस सेंटीमीटरची, पाऊल टाकताना क्षणभर सगळा भार त्या एवढ्याशा जागेवर येतो, खळगा पडणारच. केर काढायला मऊ मायक्रोफायबर, व्हॅक्यूम असेल तर फिरणारा ब्रश बंद करून. पुसायला फडका इतका घट्ट पिळलेला की पुसल्यावर जमीन मिनिटाभरात कोरडी झाली पाहिजे, बादलीभर पाणी ओतून पुसायची सवय असेल तर ती या घरात सोडायची. स्टीम मॉप नको, गरम वाफ जोडांतून आत शिरते. व्हिनेगर, अमोनिया यांनी पॉलिश निस्तेज होतं. आणि चमक आणणारी मेणाची, तेलाची पॉलिशं बाजारातून आणून स्वतःच्या मनाने लावू नकोस, मेणाचा थर बसला की पुढे मालकांना नवीन कोट मारायचा असेल तर तो चिकटत नाही आणि मग खरंच सगळं घासावं लागतं.

प्रत्येक खुर्ची-टेबलाच्या पायाला फेल्ट पॅड, म्हणजे जाड मऊ कापडासारख्या चिकटवायच्या चकत्या, लाव, आणि लावून विसरू नकोस, हे फार महत्त्वाचं आहे. महिन्यातून एकदा खुर्ची उलटी करून बघ, त्या फेल्टमध्ये खडे रुतून बसतात आणि मग तोच पॅड ओरखडे काढत फिरतो. तुझ्या कामाच्या खुर्चीची चाकं बघ, कडक प्लॅस्टिकची असतील तर ती गालिच्यासाठीची आहेत, लाकडासाठी मऊ रबराची किंवा पॉलियुरेथेनची चाकं वेगळी मिळतात, बहुतेक खुर्च्यांना ती नुसती ओढून काढून दुसरी दाबून बसवता येतात. एवढं एक केलंस तरी तुझी निम्मी काळजी मिटेल. गालिच्याखाली घालायची जाळी घेताना फेल्टची किंवा नैसर्गिक रबराची घे आणि लाकडी जमिनीला चालते असं लिहिलेलं बघूनच घे, स्वस्त प्लॅस्टिकच्या जाळीतलं रसायन पॉलिशशी लागून पिवळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. आणि गालिचे अधूनमधून थोडे सरकवत जा. उन्हाने लाकडाचा रंग बदलतो, चेरी गडद होतं, अक्रोडाचं लाकूड फिकट होतं, वर्षभर एकाच जागी गालिचा राहिला की उचलल्यावर खाली त्याचा चौकोन दिसतो. तू म्हणतेस ना सकाळचं ऊन पडतं, तिथे तर पडदा हवाच.

कुत्र्याबद्दल तू एवढंच लिहिलंस की म्हातारा आहे, पण मला जमिनीपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली. गुळगुळीत लाकडावर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, उठताना घसरतो, एकदा पडला की चालायलाच घाबरतो, आणि घसरताना स्वतःला सावरायला नखं रोवतो तेच ते खोल ओरखडे. म्हणून त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत एक लांब पट्टीचा गालिचा टाक, खालून न सरकणारा. नखं वेळच्या वेळी कापत जा, पंजांमधले केस वाढले असतील तर तेपण कमी करून घे, त्यानेही पाय सरकतो. पाण्याचं भांडं काठ असलेल्या ट्रेमध्ये, आणि तो ट्रेपण रोज उचलून खाली पुसायचं, माझ्या कुंडीची गोष्ट लक्षात ठेव. त्याला आता लघवी धरवत नसेल तर पहिल्या काही मिनिटांत पुसलं पाहिजे, रात्रभर राहिली तर लाकूड काळं पडतं, त्या एका कारणासाठी रात्री तो झोपतो तिथे वॉटरप्रूफ चटई हवी.

मुलाला मात्र त्या जमिनीवर खेळू दे गं. त्याच्या गाड्यांची चाकं मऊ आहेत का बघ, रंगाचं आणि पाण्याचं काम टेबलावर किंवा चटईवर, आणि एक मऊ फडका त्याच्या हाताला येईल असा लटकवून ठेव, सांडलं की स्वतः पुसायचं, पाच वर्षांची मुलं हे फार आनंदाने करतात. त्याउपर एखादी रेघ आलीच तर येऊ दे.

राहिल्या आजी. पावलांचा आवाज हा टीव्हीच्या आवाजासारखा हवेतून जात नाही, टाच आपटली की जमीन थरथरते आणि ती थरथर स्लॅबमधून सरळ खालच्या छताला जाते, म्हणून आपल्याला वर काहीच ऐकू येत नाही आणि खाली ढोल वाजल्यासारखं वाटतं. तुला वाटेल आपण किती हळू चालतो, पण खाली बसून ऐकल्याशिवाय ते कळत नाही. उपाय एकच, थर जाड आणि मऊ करायचा, गालिच्याखाली जाड फेल्ट, घरात मऊ तळाच्या सपाता, मुलाची उड्या मारायची जागा जाड मॅटवर. काही इमारतींच्या करारात तर लाकडी जमिनीचा ८० टक्के भाग गालिच्याने झाकायची अटच असते, तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये किंवा इमारतीच्या नियमांत तसं काही आहे का ते आत्ताच बघ, नाहीतर ज्या जमिनीसाठी घर घेतलंस ती दिसायचीच नाही. आणि राहायला जायच्या आधी मुलाला घेऊन आजींना भेटून ये. त्या दुपारी कधी झोपतात, त्यांची बेडरूम तुमच्या कुठल्या खोलीखाली येते, हे विचार, आणि मुलाची खेळायची खोली त्याप्रमाणे ठरव. सामान लागल्यावर एकदा त्यांच्याकडे खाली जाऊन बस आणि मिस्टरांना वर चालायला सांग, मग तुमचं तुम्हालाच कळेल कुठे अजून एक गालिचा हवाय. आवाजाचा त्रास झालेल्या माणसाला नवीन भाडेकरू स्वतः येऊन विचारतोय हे बघूनच निम्मं बरं वाटतं.

तर आता या आठवड्यातलं काम. मालकांना फोन कर, सही करायच्या आधी एकदा घर परत बघायचंय म्हण, संध्याकाळची वेळ घे म्हणजे टॉर्चचा उजेड नीट पडेल, मिस्टरांना बरोबर ने, त्यांच्या मनातली भीतीपण तिथेच जाईल किंवा पक्की तरी होईल. जाताना मोजपट्टी, टॉर्च आणि कोरडा फडका घेऊन जा. सगळ्यात आधी बाल्कनीचं दार. आणि त्या पायपुसण्याखाली काय निघालं ते मला लिहून कळव, मी वाट बघतेय.